एक मुंडकं, अठरा वर्षं

मांडवखार, ता. अलिबाग
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

हिरामण,

'सप्रेम नमस्कार' लिहून दोन कागद फाडले. पंचावन्न वर्षांत ज्यानं एक ओळ लिहिली नाही, त्यानं नमस्कारात कसलं प्रेम घालायचं? म्हणून नुसतं नाव लिहितो. मी देवदत्त. सातवीपर्यंत तुझ्या बाकावर बसायचो तो. पुढे चित्रकलेचा मास्तर झालो आणि निवृत्त होऊनही आता वीस वर्षं होतील.

काल तुला दोनदा फोन केला. मी नाव सांगितलं आणि तू ठेवून दिलास. ठीक आहे, तुझा हक्कच आहे तो. पण पत्र फाडण्याआधी एवढं वाच. तुझा मुलगा धनेश इथे अडचणीत आहे. रविवारी संध्याकाळपासून पोलिसांनी त्याला पडताळणीसाठी म्हणून अलिबागला नेऊन ठेवलंय. तुझा नंबर आणि पत्ता त्यानंच वकीलबाईंना दिला.

तो तीन वर्षं आपल्याच बंदरात एका बोटीवर खलाशी आहे, हे तुला ठाऊक असेल. मला नव्हतं. गावातही कुणाला नव्हतं, कारण त्यानं बापाचं नाव कुणाला सांगितलंच नव्हतं. रविवारी थोडी बाचाबाची झाली. गावच्या पोरांनी त्याच्याकडे कागद मागितले, तो खोलीवर आणायला गेला, पोरं मागोमाग गेली आणि त्याची पिशवी खाडीत गेली. थोडंफार लागलंय. साहेबांचं म्हणणं, हा मांडवखारचाही नाही आणि कर्नाटकातल्या मालप्याचाही नाही, हा सरहद्दीपलीकडून आलाय. धनेशनं आधारचा नंबर तोंडपाठ सांगितला तर म्हणाले, कार्डं हल्ली कुणीही करून घेतं, बापाचा जन्म इथला असल्याचं दाखव.

तुझा दाखला मिळेल म्हणून मी शाळेत जाऊन आलो. निसर्ग वादळात छप्पर उडालं, तेव्हा जुन्या रजिस्टरांचा भिजून लगदा झाला म्हणे. वकीलबाई म्हणजे कल्पिता, माझी जुनी विद्यार्थिनी. चित्रकलेत अगदी सुमार, पण डोकं तल्लख. ती म्हणते, बाप स्वतः उभा राहिला आणि रक्त तपासायला दिलं, तर हा तिढा सुटतो.

रविवारी गावात काय होतं तेही सांगून टाकतो, दुसऱ्याकडून कळायला नको. शेजारचा ऋत्विक आहे, माझ्या पुतण्याच्या वयाचा, 'आपला वारसा' म्हणून मंडळ चालवतो. त्यानं देवळाच्या सभागृहात माझ्या जुन्या व्यंगचित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं. मला शाल दिली, नारळ दिला. मी व्यासपीठावर होतो, त्यामुळे फाटकाबाहेर काय झालं ते मला दिसलं नाही.

कागद असतील तर घेऊन ये, नसतील तर तसाच ये.

देवदत्त


मांडवखार
रविवार, ९ फेब्रुवारी

हिरामण,

पत्र शुक्रवारी पोचलं. ऋत्विकनं मोबाईलवर पोस्टाची नोंद बघून सांगितलं, घेतल्याची सही तुझ्याच नावाची आहे. म्हणजे वाचलंस, आणि तरी गप्प आहेस. मागच्या पत्रात मी प्रदर्शनाचं लिहिलं, पण चित्राचं लिहिलं नाही. तू तीच ओळ शोधत असशील. घे तर मग.

एकोणसत्तर साल. अलिबागहून 'दर्यावाणी' निघायचं, आपले भाऊ संपादक होते. मुंबईत तेव्हा दाक्षिणात्यांना हाकलायचं वारं होतं. तिथलं वारं इथे पोचायला चार महिने लागायचे, पण पोचायचं. भाऊंनी मला बोलावून सांगितलं, "देवा, गुरुवारपर्यंत मद्राशाचं चित्र पाहिजे. ओटीवर बसायला दिलं आणि माजघरात पाय पसरून बसलाय, असा." मी बावीस वर्षांचा होतो आणि माझं नाव छापून येणार होतं. मद्राशी मी जवळून पाहिलेला कुठे होता? अलिबागला एक इडलीवाला होता, तोही गिऱ्हाइकांच्या पाठीआडून पाहिलेला. मग हाताला जो चेहरा पाठ होता तो कोरला. सात वर्षं वहीच्या मागच्या पानावर मी तुलाच काढत आलो होतो. नाक लांबवलं, दात पुढे आणले, कपाळावर भस्माचे पट्टे ओढले. खाली लुंगी. म्हटलं, कोण ओळखतंय.

तेव्हा लिनोलियमवर कोरून ठसा करावा लागे. एका चेहऱ्याला तीन दिवस जायचे, आणि भाऊंना तर दर आठवड्याला चित्र हवं. म्हणून मी मुंडक्याचा ठसा वेगळा ठेवला आणि धडांचे वेगळे केले. धड बदलायचं, मुंडकं तेच. चौऱ्याहत्तरला त्याला धोतर देऊन गुजराती दुकानदार केला. पुढे इकडे कारखान्यांची बांधकामं निघाली, बाहेरची माणसं आली, तेव्हा गमछा टाकून भय्या केला. कपाळावरचं भस्म खोदलेलं होतं, ते काही जाईना, म्हणून प्रत्येकाला टोपी नाहीतर मुंडासं घातलं. शेवटी शेवटी हनुवटीखाली दाढीचा तुकडा जोडून बांगलादेशी. अठरा वर्षं, हिरामण. लोक म्हणायचे, मास्तरांनी काय हुबेहूब पकडलाय! कोण हुबेहूब, ते कुणी विचारलं नाही.

पण पहिल्याच आठवड्यात गावानं ओळखलं होतं. न्हाव्याच्या दुकानात पेपर उघडला आणि कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो तर आपला हिऱ्या!" आठ दिवसांत तुझं नाव उपऱ्या पडलं. मीही हसलो. गावात नाव कुणाला पडत नाही? बोंबल्या होता, घुबड्या होता, त्यात आणखी एक. मग बोटीवर फाटक्या जाळ्यावरून भांडण झालं, तू तोंड उघडलंस, आणि बोट हाकणारा तांडेल म्हणाला, "उपऱ्यानं बोलायचं न्हाय." तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. बोर्ली पंचतनला तुझं लग्न ठरत आलं होतं, ते मुलीच्या मामानं पेपर पाहिल्यावर फिसकटलं. पुढच्या महिन्यात तू मालप्याच्या बोटीवर चढून गेलास. मी बंदरावर आलो नव्हतो. दुसऱ्या दिवशीच्या चित्राचं धड कोरत बसलो होतो.

हे उगाच उगाळत नाही. गुरुवारी साहेबांनी गावात येऊन म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. धर्मा आठवतो? आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, बोटीवर पाणी भरायला असायचा. त्याला विचारलं, हिरामण म्हणून कुणी इथला होता का? धर्मा म्हणाला, "हिरामन? त्यो उपऱ्या व्हय? त्यो इथला कुठला! मद्रासकडनं आला व्हता. समदे त्याला उपऱ्याच म्हनायचे की." शेजारच्या दोघांनी माना डोलावल्या. धर्मा खोटं बोलत नाही रे, त्याला खरंच तसं आठवतं! मी ओरडलो, "अरे, ह्याची सात पिढ्यांची होळी या बंदरावर पेटलीय!" साहेब शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुम्ही बसा."

म्हणजे मी गंमत म्हणून कोरलेलं मुंडकं आज सरकारी कागदावर जबाब होऊन बसलंय. बापच परका ठरला, तर मुलाला कुठला म्हणायचं? तू ये. मला शिव्या द्यायला ये, पण ये.

देवदत्त


अलिबाग
गुरुवार, १३ फेब्रुवारी

हिरामण,

हे कल्पिताच्या ऑफिसात बसून लिहितोय. कागद मांडीवर आहे, अक्षर लागेल तसं लाव.

आज धनेशला भेटलो. कल्पितानं खटपट करून दहा मिनिटं मिळवली. पहिल्या पत्रात 'थोडंफार लागलंय' असं लिहिलं ते खोटं होतं. दोन दात गेलेत, डावा डोळा उघडत नाही, आणि गाल अजून काळानिळा आहे. मला बघून उठायला लागला. म्हणाला, "बसा काका. बाबांनी तुमचं सांगितलेलं हाय."

मी विचारलं, काय सांगितलंय?

"गावात माजा एक दोस्त हाय, त्यानं माजं चित्र काडलेलं, ते पेपरात छापून आलं, असं. कोनाचं येतंय पेपरात! फकस्त गावात माजं नाव सांगू नको म्हनले. का ते न्हाय सांगितलं."

पंचावन्न वर्षांपूर्वीची आपली बोली तो बोलतो. सकाळच्या खाण्याला न्हेरी म्हणतो, संध्याकाळी न म्हणता सांजच्याला म्हणतो. आपल्या गावची आजची पोरं अर्धं हिंदी बोलतात, त्यांना ही भाषा परकी वाटली.

तू त्याला असं का सांगितलंस, हिरामण? माझं नाव घेऊन थुंकला असतास तर तो त्या प्रदर्शनाला आलाच नसता. तो आला ते बापाचं चित्र बघायला. आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला. ऋत्विकनं ते मुंडकं दरवाजाएवढं मोठं छापून दारातच लावलं होतं. धनेश त्याच्यापुढे उभा राहिला आणि शेजारच्याला म्हणाला, "ह्यो माजा बाप हाय."

आता तुला जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. मला फाटकाबाहेरचं दिसलं नाही हे खरं, पण आतलं सगळं दिसत होतं. अंगावर शाल होती, हातात माईक होता. त्याचं वाक्य सगळ्या सभागृहानं ऐकलं, मीही ऐकलं. आणि मला कळलं. मला वाटलं, असं नाही, कळलंच. ते कपाळ, ती मान तिरकी करून बघायची लकब. हा हिरामणचा मुलगा, आणि त्यानं सगळ्यांसमोर खरं तेच सांगितलंय. लोक माझ्याकडे बघायला लागले. मी तेव्हा 'होय' म्हणालो असतो, तर पुढचं वाक्य काय बोलणार होतो? की हा परका नाही, हा माझ्या बाकावरचा मित्र, आणि तुम्ही अठरा वर्षं ज्याला बघून दात ओठ खाल्लेत तो तुमच्याच बंदरावर जन्मलेला? ज्याबद्दल शाल मिळाली होती तेच चोरीचं निघालं असतं.

म्हणून मी माईकवर म्हणालो, "बघा मंडळी, माझा उपरा चित्रातून उतरून आला!"

काय हशा पिकला! टाळ्यासुद्धा पडल्या. धनेशही हसला, त्याला वाटलं कौतुक चाललंय. मग दोघांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि बाहेर नेलं. मी पुढचं भाषण पूर्ण केलं. चहा घेतला.

कल्पितानं माझा जबाब टाईप करून सोमवारीच दिला होता, की चित्र हिरामणचं आणि हिरामण इथला. साहेबांनी आज मोबाईल काढून व्हिडिओ दाखवला. माझा आवाज, माझं हसू. विचारतात, "गुरुजी, तुम्ही तेव्हा खरं बोललात की आता? गावातले तिघं म्हणतात बाप मद्रासकडचा, तुम्ही एकटे म्हणता इथला. आणि तुम्हीच त्याला उपरा म्हणताय." बरोबर आलेल्या ऋत्विकला म्हटलं, तू सांग. तो रडवेला झाला. "काका, मी तर तुमचा मान व्हावा म्हणून केलं," म्हणाला. त्यानं ते मोठं चित्र काढून टाकलंय, पण फोनवर ते आता जिल्हाभर फिरतंय.

सोमवारी, चोवीस तारखेला, धनेशला इथून हलवणार. आधी कुठल्याशा केंद्रात, मग पूर्वेकडे सरहद्दीवर. कल्पिता कोर्टात अर्ज घालतेय, पण तिनं मला स्पष्ट सांगितलं, एकदा माणूस इथून गेला की त्याला परत शोधणं कठीण. रक्ताचं माणूस पाहिजे. तू, नाहीतर तुझी बहीण. कृष्णाबाई सासरच्या गावी अजून आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची, सुनेच्या आधाराने ओटीवर येऊन बसते. तिचं डोकं कधी जागेवर असतं, कधी नसतं. मी तिच्याकडे जातो.

तू पत्रं घेतोस, सह्या करतोस. पाया पडतो तुझ्या, एक तिकीट काढ.

देवदत्त


मांडवखार
मंगळवार, १८ फेब्रुवारी

हिरामण,

साहेबांनी शनिवारी धनेशला कृष्णाबाईच्या दारात आणलं. एवढी माणुसकी त्यांनी दाखवली. तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. सुजलेला डोळा, फुटलेला ओठ. म्हणाली, "ह्याला कुनी मारला रं? कुनाचा लेक ह्यो?" सुनेनं सांगितलं, तुमच्या हिरामणचा. तर म्हणाली, "हिरामनला लेक कवा झाला? त्याचं तर लगीन मोडलं." आणि डोळ्याला पदर लावला. साहेबांनी लिहून घेतलं, ओळख पटली नाही, म्हणून तिचं रक्त तपासायची गरज नाही. धनेश जाताना तिच्या पाया पडला. तिनं डोक्यावर हात ठेवला, पण तो कुणाच्याही डोक्यावर ठेवला असता.

कल्पिता म्हणाली, "सर, हिरामणकाकांचा तेव्हाचा एखादा फोटो दाखवला तर त्यांना आठवेल. शुक्रवारी पुन्हा जबाब घ्यायला मी साहेबांना तयार करते." फोटो कुठला! तेव्हा आपल्यात फोटो लग्नातच निघायचा, आणि तुझं लग्न तर इथे झालं नाही. मग मी म्हटलं, फोटो कशाला, मी आहे ना. मी काढतो. बावीस वर्षांचा हिरामण, साधासरळ, जसा होता तसा. अगं, सात वर्षं शेजारी बसलोय मी त्याच्या! अंगात एकदम बळ आलं. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा काहीतरी करता येण्यासारखं दिसलं होतं.

रविवारी सकाळी ओटीवर बसून काढलं. चांगला कागद घेतला, मऊ पेन्सिल घेतली. दुपारी कृष्णाबाईकडे नेलं. बाई त्या दिवशी शुद्धीवर होती, मला बघताच म्हणाली, "देवा मास्तर ना? ये, बस. च्या घे." मी म्हटलं, ताई, हा बघ कोण. तिनं कागद दोन्ही हातांनी डोळ्यांजवळ धरला. मग खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला मान वर करवेना.

"ह्यो माजा भाव न्हाय," म्हणाली. "ह्यो तुज्या पेपरातला हाय. माज्या घरात कशाला आनलास? उचल."

घरी येऊन कागद नीट पाहिला, आणि खरंच, नाक ओठांवर आलं होतं. दात पुढे. मी मुद्दाम केलं नव्हतं रे! दुसरा कागद घेतला, नाक आखूड ठेवायचं ठरवून बसलो. आखूड नाकाचा कुणी तिसराच झाला. काल दिवसभर तेच, आज सकाळपासून तेच. एकवीस कागद झाले. डोळे मिटून तुला आठवायला बसतो. तू बाकावर बसलायस, खिडकीतून उजेड येतोय, तू माझ्याकडे मान वळवतोस, आणि समोर येतं ते मुंडकं. भस्म ओढलेलं, टोपी घातलेलं, दाढी लावलेलं. त्याच्यामागे तू असशील म्हणून खरवडत जातो, तर मागे काहीच नाही. मी तो चेहरा इतक्या वेळा वापरला की माझ्याकडे खरा उरलाच नाही. तुझ्या बहिणीकडे उरलाय, पण तिला काढता येत नाही. मला काढता येतं, आणि माझ्याकडे नाही.

हिरामण, मी खूप रडलो. या वयात मोठ्यानं रडलो, ऋत्विक धावत आला. हे तुझं मन वळावं म्हणून लिहीत नाही. माझ्याकडे आता कुठला कागद नाही, साक्ष नाही, चित्रही नाही, एवढंच कळावं म्हणून लिहितो. तू येण्यावाचून दुसरा उपाय राहिलेला नाही.

हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. शनिवारी उडुपीहून गाडी धर, रविवारी सकाळी पनवेलला उतरशील. तिकीट मिळालं नाही तर तसाच चढ. सोमवारी अकराच्या आत अलिबागला पोचायचं आहे, त्यानंतर येऊन उपयोग नाही.

मी रविवारी पहाटेपासून पनवेलच्या फलाटावर असेन, प्रत्येक गाडीला. पण तू समोरून आलास तरी मी तुला ओळखणार नाही. म्हणून हाक तूच मार. आणि मारावीशी वाटली नाही, तर माझ्या शेजारून तसाच पुढे जा. स्टेशनच्या बाहेर कल्पिता गाडी घेऊन उभी असेल, तिच्याबरोबर जा आणि तुझ्या मुलाला घेऊन ये. मी फलाटावरच थांबेन.

देवा